मासा मेला नाही, म्हणून पाणी चांगले ठरत नाही

२० मे २०२४ च्या रात्री केरळमधील पेरियार नदीच्या खालच्या टप्प्यात मासे पृष्ठभागावर येऊन तडफडू लागले. उजाडेपर्यंत एलूर-एडयार या औद्योगिक पट्ट्यापासून वरापुळा आणि कडमक्कुडीच्या दिशेने मेलेल्या माशांचा थर वाहत गेला. नदीत पिंजरे लावून मासे वाढवणाऱ्या अनेक कुटुंबांचे पूर्ण हंगामाचे भांडवल एका रात्रीत बुडाले. त्यानंतर दोन स्पष्टीकरणे पुढे आली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाताळम येथील बंधाऱ्याचे दरवाजे उघडल्यामुळे साचलेले पाणी खाली आले आणि विरघळलेला प्राणवायू घटला, असे सांगितले. केरळ मत्स्य व महासागर अध्ययन विद्यापीठाच्या अभ्यासकांना पाण्यात हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया घातक प्रमाणात आढळले. कोणाचे म्हणणे अधिक बरोबर, यावर बराच काळ वाद झाला.

त्या वादात एक प्रश्न मात्र मागे पडला. १९ मे रोजी, म्हणजे मासे जिवंत असताना, ती नदी निरोगी होती काय? याच पट्ट्यात अनेक वर्षे जस्ताचे शुद्धीकरण चालत असे. जस्ताच्या खनिजासोबत कॅडमियम येतेच. पेरियारच्या या भागातील गाळात जस्त आणि कॅडमियम साठल्याचे संशोधकांनी पूर्वीपासून नोंदवले आहे. तो गाळ मासे मरण्याच्या आदल्या दिवशी तेथेच होता आणि नंतरही तेथेच राहिला. मासे मेले की बातमी होते, चौकशी होते, भरपाईची मागणी होते. मासे जिवंत राहिले की नदी ठीक आहे, असे गृहीत धरले जाते. भारतातील पाण्याच्या मोजमापाची जवळपास सगळी व्यवस्था या गृहीतकावर उभी आहे आणि बॅटरीच्या युगात ते गृहीतक धोक्याचे ठरणार आहे.

गोड्या पाण्यातील मासा अधिक असुरक्षित का?

माशाच्या शरीरातील द्रव हा नदीच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक खारट असतो. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत शरीरात शिरत असते आणि सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड यांसारखे क्षार सतत बाहेर झिरपत असतात. ही गळती भरून काढण्यासाठी मासा कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साहाय्याने पाण्यातून क्षार आत ओढतो. श्वास घेणे, क्षारांचा तोल राखणे आणि अमोनिया बाहेर टाकणे ही तिन्ही कामे कल्ल्यांच्या त्याच नाजूक पडद्यावर चालतात.

जड धातू नेमके याच दारांतून आत येतात. कॅडमियम आणि शिसे यांचे विद्युतभारित कण कॅल्शियमच्या मार्गाने शिरतात. तांबे सोडियम ओढून घेणारी यंत्रणा बंद पाडते. त्यामुळे धातू शरीरात जातो, हे एक नुकसान झाले. त्याच वेळी हवा असलेला क्षार आत येईनासा होतो, हे दुसरे. कॅडमियमच्या संपर्कातील माशाच्या रक्तातील कॅल्शियम घटते. शिसे हाडांत कॅल्शियमची जागा घेते, आणि रक्तातील हीम तयार करण्याच्या साखळीतील एका महत्त्वाच्या विकराचे काम अडवते. माणसाच्या शरीरात शिशाची बाधा ओळखण्यासाठी ज्या विकराकडे पाहिले जाते, तोच विकर माशातही बाधित होतो. दीर्घकाळ शिशाच्या संपर्कात राहिलेल्या ट्राउट माशांमध्ये शेपटीचा भाग काळा पडणे आणि पाठीचा कणा वाकणे ही लक्षणे फार पूर्वी नोंदवली गेली आहेत.

येथे पाण्याचा स्वभावही महत्त्वाचा ठरतो. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, तर ते धातूशी स्पर्धा करते आणि विषारीपणा कमी होतो. पाणी मृदू असेल, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल, तर तेवढ्याच धातूचा घाव खोल बसतो. पश्चिम घाटातील आणि ईशान्य भारतातील डोंगरी ओढ्यांचे पाणी सहसा मृदू असते आणि जगात अन्यत्र न सापडणाऱ्या माशांच्या अनेक जाती तेथेच राहतात. मैदानी नदीसाठी सुसह्य ठरणारा आकडा या ओढ्यांसाठी सुसह्य असेलच असे नाही.

एका बॅटरीत काय काय असते

आज भारतात सर्वाधिक वजनाने फेकली आणि पुन्हा वितळवली जाणारी बॅटरी म्हणजे शिसे-आम्ल बॅटरी. मोटारी, ट्रॅक्टर, घरोघरचे इन्व्हर्टर आणि उत्तर भारतातील शहरांत धावणाऱ्या असंख्य ई-रिक्षा तिच्यावर चालतात. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिशाचा असतो आणि उरलेल्यात सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. शिशाला भंगारात चांगला भाव मिळतो. त्यामुळे ही बॅटरी कचराकुंडीत क्वचितच जाते आणि भंगारवाल्याकडे नक्की जाते. अधिकृत कारखान्यात ती बंद यंत्रणेत फोडली जाते आणि आम्ल उदासीन केले जाते. अनधिकृत भट्टीवर ती कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल गटारात ओतले जाते, प्लेटा उघड्यावर वितळवल्या जातात आणि उरलेली राख व मळ आवाराच्या कोपऱ्यात साचत राहतो.

ते आम्ल विरघळलेले शिसे आणि शिशाच्या संयुगांचे बारीक कण घेऊन निघते. शिवाय ज्या ओढ्यात ते पोहोचते, तेथील पाण्याचा सामू उतरवून गाळात बद्ध असलेले धातूही मोकळे करते. पहिल्या मुसळधार पावसात भट्टीच्या आवारातील राख वाहून जवळच्या नाल्यात जाते. रोहू, कटला आणि मृगळ यांच्या विणीचा हंगामही नेमका हाच. हे मासे पावसाळ्यात, नद्यांना पूर आल्यावर अंडी घालतात. अंडी दिवसभरात फुटतात आणि त्यानंतरचे काही दिवस मत्स्यजिऱ्यांच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक असतात. वर्षभर साठलेले विष आणि वर्षातील सर्वांत कोवळे जीव एकाच आठवड्यात एकाच पाण्यात भेटतात.

जुन्या कॉर्डलेस फोनमध्ये आणि आपत्कालीन दिव्यांत असलेल्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा धोका त्यांच्या नावातच आहे. कोरड्या सेलमध्ये जस्त आणि मँगनीज असते. लिथियम-आयन बॅटरीत निकेल, कोबाल्ट किंवा मँगनीज असलेली संयुगे, तांब्याचा पत्रा, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि फ्लोरिनयुक्त क्षार विरघळवलेला द्रव असतो. हा द्रव पाण्याच्या संपर्कात आला, तर हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकते. २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आणखी एक बाब पुढे आणली. लिथियम-आयन बॅटऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या, निसर्गात सहजासहजी न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त संयुगांचा एक गट अमेरिका आणि युरोपातील कारखान्यांच्या परिसरातील पाण्यात, मातीत व गाळात सापडला. पाण्यात आढळलेल्या प्रमाणाच्या जवळपास असलेल्या मात्रेतही जलचरांचे वर्तन आणि ऊर्जेशी निगडित चयापचय बदलत असल्याचे प्रयोगांत दिसले. त्या मात्रेत प्राणी मेले नव्हते.

न मारणारे विष

ज्या मात्रेत मासा मरत नाही, ती मात्रा निरुपद्रवी मानण्याची सवय विज्ञानाने केव्हाच सोडली आहे. त्याची दोन उदाहरणे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असावीत.

पहिले उदाहरण वासाचे आहे. १९३८ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिले की, मिनो या लहान माशाची त्वचा फाटली की तिच्यातून एक रसायन पाण्यात पसरते आणि त्याचा वास येताच थव्यातील इतर मासे सावध होतात. रोहू, कटला आणि झेब्राफिश हेही माशांच्या त्याच मोठ्या गटात मोडतात. पुढे सामन माशांवर झालेल्या प्रयोगांत असे आढळले की, पाण्यात प्रतिलिटर केवळ काही मायक्रोग्रॅम विरघळलेले तांबे असले, तरी काही तासांत माशाची घ्राणशक्ती मंदावते आणि शिकारी जवळ असल्याचा इशारा त्याला कळत नाही. असा मासा प्रयोगशाळेच्या टाकीत खातो, पोहतो आणि जिवंत म्हणून मोजला जातो. नदीत तो पहिल्याच शिकाऱ्याच्या तोंडी जातो. त्याच्या मृत्यूची नोंद तांब्याच्या खात्यावर कोणीही करत नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातील ओन्टारिओ प्रांतातील एका तलावाचे आहे. तेथे संशोधकांनी तीन वर्षे गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम इस्ट्रोजेन अत्यंत सूक्ष्म प्रमाणात, प्रतिलिटर साधारण पाच ते सहा नॅनोग्रॅम राहील इतके, मिसळले. शहरांच्या सांडपाण्यात या प्रकारची संप्रेरके याच पातळीच्या आसपास सापडू शकतात. फॅटहेड मिनो माशांच्या नरांत मादीची लक्षणे दिसू लागली, त्यांच्या वृषणांत अंडपेशी तयार होऊ लागल्या आणि काही वर्षांत त्या जातीची संख्या जवळजवळ संपली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काठावर मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता. नवी पिढी जन्माला आली नाही, एवढेच घडले.

त्याच २००७ मध्ये हैदराबादजवळील पाटणचेरूचे नाव जगभरातील पर्यावरणशास्त्राच्या चर्चेत आले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक प्रतिलिटर ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतक्या प्रमाणात नसते. या परिसरातील नाल्यांचे पाणी पुढे मांजरा नदीला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरांत उगम पावते आणि शेवटी गोदावरीला जाऊन मिळते. येथे तपासणी झालेले पाणी ‘शुद्धीकरण केंद्रातून’ आलेले होते, ही बाब विसरता येत नाही. शुद्धीकरणात ज्या गोष्टी मोजल्या जात होत्या, त्यांत औषधे नव्हतीच.

तीन निकषांची नदी

मोजमापाचा प्रश्न येथून गंभीर होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांचे पाणी वापरानुसार ‘अ’ ते ‘ई’ अशा पाच वर्गांत विभागते. त्यांतील ‘ड’ वर्ग वन्यजीव आणि मत्स्यव्यवसाय यांच्यासाठी आहे. या वर्गासाठी सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू प्रतिलिटर किमान ४ मिलिग्रॅम आणि मुक्त अमोनिया प्रतिलिटर १.२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, असे तीनच निकष आहेत. शिसे नाही, कॅडमियम नाही, तांबे नाही, पारा नाही, कीटकनाशके नाहीत. जो तिसरा निकष आहे, तोही उदार आहे. युरोपातील अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय सल्लागार आयोगाने माशांसाठी सुचवलेली मुक्त अमोनियाची मर्यादा प्रतिलिटर ०.०२५ मिलिग्रॅम, म्हणजे भारतीय मर्यादेच्या जवळपास पन्नासाव्या भागाइतकी आहे.

दुसरी बाजू कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याची. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या सहाव्या अनुसूचीत नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा दिल्या आहेत. प्रतिलिटर शिसे ०.१ मिलिग्रॅम, कॅडमियम २ मिलिग्रॅम, तांबे ३ मिलिग्रॅम, निकेल ३ मिलिग्रॅम, जस्त ५ मिलिग्रॅम. काही उद्योगांसाठी याहून वेगळे निकष आहेत. तरी देशाचा सर्वसाधारण दंडक हाच आहे.

या आकड्यांशेजारी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यातील जीवांसाठी ठरवलेले आकडे ठेवून पाहावेत. मध्यम कठीण पाण्यात दीर्घकालीन संपर्कासाठी तेथील कॅडमियमची मर्यादा प्रतिलिटर ०.७२ मायक्रोग्रॅम, शिशाची २.५ मायक्रोग्रॅम आणि जस्ताची १२० मायक्रोग्रॅम आहे. याचा अर्थ भारतीय मर्यादेत बसणारे कॅडमियमयुक्त सांडपाणी सुमारे पावणेतीन हजार पट स्वच्छ पाण्यात मिसळले, तरच ते या पातळीवर येईल. पावसाळ्यात गंगेसारख्या नदीला ते कदाचित जमेल. एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा अनेक नद्यांच्या पात्रात सांडपाण्याशिवाय दुसरे पाणी फारसे नसते, तेव्हा ते कशात मिसळणार?

पिण्याच्या पाण्याचे निकष पाळले की माशांचेही भागेल, असाही एक समज आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात कॅडमियम प्रतिलिटर ३ मायक्रोग्रॅम आणि शिसे १० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जस्त ५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे. माणसासाठी हे योग्यच आहे, कारण माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि ते आतड्यातून गाळून घेतो. मासा त्याच पाण्यात चोवीस तास श्वास घेतो. माणसाला पिण्यास योग्य पाण्यात माशाला जगणे अवघड होऊ शकते, हे विधान विचित्र वाटले तरी आकडे तेच सांगतात.

भारतीय नियमांत माशाला स्थान अगदीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच सहाव्या अनुसूचीत एक जैविक चाचणी आहे. न मिसळलेल्या शंभर टक्के सांडपाण्यात मासे सोडावेत आणि ९६ तासांनंतर त्यांतील ९० टक्के जिवंत असावेत. १९८० आणि १९९० च्या दशकांच्या मानाने ही चांगली अट होती. पण ती चार दिवसांच्या जगण्या-मरण्याशी संबंधित आहे. वास गेलेला, अंडी न घालणारा, कणा वाकलेली पिल्ले देणारा मासा या परीक्षेत उत्तीर्ण होतो. ओन्टारिओच्या तलावातील मिनोही ती परीक्षा निर्विवादपणे उत्तीर्ण झाले असते.

संशोधनाचाही दोष

याची जबाबदारी केवळ नियम करणाऱ्यांवर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भारतातील विद्यापीठांत माशांच्या विषशास्त्रावर दशकानुदशके काम झाले आहे. मरळ, मागूर, शिंगी, रोहू यांच्यावर कॅडमियम, शिसे, पारा आणि कीटकनाशके यांचे परिणाम तपासणारे शोधनिबंध मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. त्यांतील बराच भाग एकाच साच्यातून आलेला आहे. प्रथम निम्मे मासे ९६ तासांत मरतील अशी मात्रा काढायची, मग तिच्या दहाव्या किंवा विसाव्या हिश्शात मासे ठेवायचे आणि यकृत, कल्ले, मूत्रपिंड यांचे छेद तपासायचे. नदीत प्रत्यक्ष आढळणाऱ्या मात्रेपेक्षा ही मात्रा पुष्कळदा कितीतरी मोठी असते. टाकीतील पाण्यात धातू किती राहिला, याचे मोजमाप अनेकदा केलेलेच नसते. पाण्याचा कठीणपणाही प्रत्येक निबंधात नोंदलेला नसतो. अशा संशोधनातून पदवी मिळते, पण त्यातून नदीसाठी मर्यादा काढता येत नाही.

शिवाय मरळ, मागूर आणि शिंगी हे हवेतून श्वास घेऊ शकणारे, मुळातच काटक मासे आहेत. ते टाकीत सहज टिकतात, म्हणून प्रयोगाला सोयीचे ठरतात. जे मासे टाकीत टिकत नाहीत, त्यांची बाजू प्रयोगशाळेत मांडलीच जात नाही.

यातील विसंगती अशी की, या क्षेत्रातील जगातील सर्वांत महत्त्वाचा प्रयोगप्राणी भारतीय उपखंडातीलच आहे. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात झेब्राफिशचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. रोहू, कटला आणि मृगळ यांचे वर्णनही त्याच ग्रंथातील. झेब्राफिशची अंडी पारदर्शक असतात आणि भ्रूणाचे हृदय, मेंदू, कणा सूक्ष्मदर्शकाखाली तयार होताना दिसतात. त्याच्या भ्रूणांवरील विषारीपणाची चाचणी २०१३ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत समाविष्ट आहे. हैदराबाद, दिल्ली, मुंबई, पुणे येथील संशोधन संस्थांत झेब्राफिशवर उत्तम काम चालते. भारतीय ओढ्यातील मासा जगभरची रसायने तपासतो, पण भारतीय ओढ्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या नित्य तपासणीत त्याच्या भ्रूणाला जागा नाही.

बॅटरीचे नियम काय मोजतात

ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. २००१ चे जुने नियम केवळ शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. नव्या नियमांत वाहनांच्या, उद्योगांतील, विद्युत वाहनांच्या आणि घरगुती लहान बॅटऱ्यांचाही समावेश झाला. बॅटरी बाजारात आणणाऱ्यावर ती परत गोळा करण्याची जबाबदारी आली. टाकून दिलेल्या बॅटरीतून किती टक्के पदार्थ परत मिळवायचे, याची वर्षनिहाय उद्दिष्टे ठरली. हे मोठे पाऊल आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

तरीही या व्यवस्थेचा हिशेब परत मिळालेल्या धातूच्या वजनाचा आहे. जो धातू परत मिळाला नाही, तो कोठे गेला, हा प्रश्न त्या हिशेबात दुय्यम राहतो. हजार किलो शिशातील दहा किलो गटारात गेले, तर कागदावर ९९ टक्के यश दिसते. त्या दहा किलोंचा प्रतिलिटर २.५ मायक्रोग्रॅमशी भागाकार केला, तर उत्तर चारशे कोटी लिटर येते. सगळे शिसे विरघळत नाही आणि बरेचसे गाळात बसते, हे खरे. पण गाळ ही विषाची तिजोरी आहे, आणि तळाशी चरणारे मृगळ ती रोज उघडतात.

कठोर निकषांना तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की, यामुळे विद्युत वाहनांच्या वाटेत अडथळा येईल. वस्तुतः डिझेलचा धूर कमी होणे आवश्यकच आहे आणि बॅटरीला विरोध करण्याचे कारण नाही. हवा स्वच्छ करण्याची किंमत पाण्याने मोजू नये, इतकीच अपेक्षा आहे. दुसरा आक्षेप असा की, अमेरिकेतील आकडे ट्राउटसारख्या थंड पाण्यातील संवेदनशील माशांवरून काढलेले आहेत आणि ते उष्ण कटिबंधातील नद्यांना जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. हा आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर मात्र भारतीय माशांवर, भारतीय पाण्यात, योग्य पद्धतीने आकडे काढणे हे आहे. आकडाच न ठेवणे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप पोटाचा आहे. भट्ट्यांवर आणि भंगाराच्या धंद्यावर हजारो कुटुंबे जगतात. त्या कुटुंबांची मुले हीच शिशाची पहिली बळी आहेत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातील सुमारे २७.५ कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक असावे. त्याला अनेक स्रोत कारणीभूत आहेत आणि बॅटरी वितळवणे हा त्यांतील प्रमुख स्रोत आहे. छापे घालून भट्टी हलवली, तर ती पुढच्या गावाच्या नाल्याकाठी सुरू होते. भंगार गोळा करणाऱ्याला अधिकृत साखळीत रास्त भाव मिळाला, तरच बॅटरी न फोडता कारखान्यापर्यंत जाईल.

काय करता येईल

करण्यासारख्या गोष्टी अवघड असल्या तरी अज्ञात नाहीत. ‘ड’ वर्गाच्या निकषांत किमान शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल आणि पारा यांचा समावेश व्हावा, आणि त्यांच्या मर्यादा पाण्याच्या कठीणपणानुसार ठराव्यात. ९६ तासांच्या चाचणीसोबत भ्रूण आणि मत्स्यजिऱ्यांवरील चाचणी सक्तीची व्हावी. पाण्याबरोबर गाळाचीही नियमित तपासणी व्हावी, कारण पाण्याचा नमुना त्या दिवसाचे सांगतो आणि गाळ अनेक वर्षांचे सांगतो. बॅटरीवर प्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक केंद्राच्या खालच्या बाजूच्या नाल्यातील मोजमापे सर्वांना पाहता येतील अशी खुली असावीत.

विद्यार्थ्यांच्या वाट्यालाही यातील काम येते. जिल्ह्यातील एखाद्या नाल्याच्या पाण्याचा कठीणपणा आणि सामू वर्षभर नोंदवणे, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कोणते मासे जाळ्यात आले याची मासेमारांकडून माहिती घेणे, कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे, यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. प्रबंधासाठी विषय निवडताना नदीत आढळणाऱ्या मात्रेपासून सुरुवात केली आणि टाकीतील धातू प्रत्यक्ष मोजला, तरी भारतीय मत्स्य-विषशास्त्र पुष्कळ पुढे जाईल.

यात पणाला लागलेले काही थोडे नाही. २०२२-२३ मध्ये देशात १७५.४५ लाख टन मत्स्योत्पादन झाले आणि त्यातील १३१.१३ लाख टन अंतर्देशीय, म्हणजे नद्या, तलाव आणि तळ्यांतील होते. देशाच्या ताटातील प्रत्येक चार माशांपैकी सुमारे तीन गोड्या किंवा निमखाऱ्या पाण्यातून येतात. त्यांतील मोठा वाटा तळ्यांत वाढवलेल्या माशांचा आहे, आणि त्यामुळे नदीतील घट आकड्यांत झाकली जाते. तळ्यात बोटुकली विकत आणून सोडता येते. नदीत ती नदीलाच जन्माला घालावी लागते.

पेरियारकाठच्या पिंजरेवाल्यांचे नुकसान दिसले, कारण त्यांचे मासे मोजलेले होते आणि एका रात्रीत मेले. ज्या मल्लाहाच्या जाळ्यात दरवर्षी थोडे कमी मासे येतात, त्याच्या नुकसानीला तारीख नसते, म्हणून पंचनामाही नसतो. शास्त्राला आता त्या नुकसानीचे कारण सांगता येते आणि मात्राही मोजता येते. ती मोजण्याची अट कायद्यात यायची राहिली आहे.